डेनिस रिची

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टेअर रिची (जन्म : ९ सप्टेंबर १९४१, मृत्यू : ऑक्टोबर २०११) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. सी या प्रोग्रॅमिंग भाषेचे निर्माते आणि केन थॉम्पसन यांच्यासह युनिक्स या संचालन प्रणालीचे सहनिर्माते म्हणून ते ओळखले जातात. या कार्यासाठी रिची व थॉम्पसन यांना १९८३ साली ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला. संगणक क्षेत्रात ते डीएमआर या आद्याक्षरांनीही परिचित होते.

सी भाषेत अक्षरांची मालिका, म्हणजेच स्ट्रिंग, साठवण्याची जी पद्धत रूढ झाली तिचा प्रभाव पुढील अनेक दशके टिकून राहिला. या पद्धतीत स्ट्रिंगचा शेवट शून्य मूल्याच्या एका बाइटने दर्शवला जातो आणि तिच्यासाठी किती स्मृती (मेमरी) राखून ठेवली आहे, याची नोंद स्ट्रिंगसोबत नसते. ही क्षमता सांभाळण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर असते. अत्यल्प स्मृतीच्या यंत्रांसाठी सोयीचा ठरलेला हा निर्णय पुढे संगणक सुरक्षेतील अनेक त्रुटींचे कारण ठरला. स्वतः रिची यांनी त्याचे फायदे व तोटे दोन्ही नोंदवून ठेवले आहेत.

जन्म आणि शिक्षण

रिची यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल येथे झाला. त्यांचे वडील अ‍ॅलिस्टेअर रिची हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते आणि स्विचिंग सर्किटच्या रचनेवरील एका ग्रंथाचे सहलेखक होते. डेनिस लहान असतानाच हे कुटुंब न्यू जर्सी राज्यातील समिट या गावी स्थायिक झाले. तेथील शाळेतून शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९६३ साली भौतिकशास्त्रातील पदवी मिळवली.

हार्वर्डमध्ये असताना युनिव्हॅक १ या संगणकाविषयीचे एक व्याख्यान त्यांनी ऐकले व त्यातून संगणकाकडे त्यांचा ओढा वाढला. पुढील शिक्षणासाठी त्यांनी उपयोजित गणित हा विषय निवडला. पॅट्रिक फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आज्ञावलींची रचना आणि संगणनाची जटिलता या विषयावर १९६८ साली प्रबंध लिहून पूर्ण केला. तथापि विद्यापीठाकडे तो औपचारिकरीत्या जमा न झाल्यामुळे त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. या प्रबंधाची प्रत त्यांच्या निधनानंतर उजेडात आली.

बेल प्रयोगशाळा आणि युनिक्स

१९६७ साली रिची बेल प्रयोगशाळेच्या संगणकशास्त्र संशोधन केंद्रात रुजू झाले. वडिलांनीही याच संस्थेत दीर्घकाळ काम केले होते. त्या काळी बेल प्रयोगशाळा, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि जनरल इलेक्ट्रिक यांचा मल्टिक्स हा संयुक्त प्रकल्प सुरू होता. अनेक वापरकर्त्यांना एकाच वेळी वापरता येईल अशी संचालन प्रणाली उभारणे हे त्याचे उद्दिष्ट होते. खर्च आणि विलंब वाढत गेल्याने बेल प्रयोगशाळेने १९६९ साली या प्रकल्पातून अंग काढून घेतले.

मल्टिक्समधील सोयी गमावल्याची खंत असलेल्या थॉम्पसन यांनी त्याच वर्षी पीडीपी-७ या लहान संगणकावर एक साधी प्रणाली लिहायला घेतली. रिची व इतर सहकारी या कामात सहभागी झाले आणि तिचे पुढे युनिक्स असे नामकरण झाले. पीडीपी-७ मध्ये १८ बिटांचे केवळ ८ हजार शब्द मावतील एवढीच स्मृती होती. १९७० साली मिळालेल्या पीडीपी-११ या यंत्राची स्मृती २४ किलोबाइट होती. त्यापैकी १२ किलोबाइट संचालन प्रणालीलाच लागत असत. एकेका बाइटचा हिशोब ठेवावा लागणाऱ्या या परिस्थितीत त्यांच्या भाषाविषयक निर्णयांची जडणघडण झाली.

सी भाषेची निर्मिती

केंब्रिज विद्यापीठातील मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेवरून थॉम्पसन यांनी बी ही छोटी भाषा तयार केली होती. बीसीपीएल आणि बी या दोन्ही भाषांत डेटाचे वेगवेगळे प्रकार नव्हते. स्मृतीतील प्रत्येक घर म्हणजे यंत्राचा एक शब्द, एवढीच संकल्पना होती. पीडीपी-११ मध्ये मात्र प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता होता. अक्षर एका बाइटमध्ये मावत असल्याने शब्दावर आधारलेली बी भाषा या यंत्रावर अवघडलेली वाटू लागली.

ही अडचण दूर करण्यासाठी रिची यांनी १९७१ पासून बी भाषेत अक्षर व पूर्णांक हे प्रकार आणले. त्यानंतर ॲरे आणि पॉइंटर यांचे परस्परसंबंध नव्याने ठरवून आणि नवा कंपायलर लिहून त्यांनी या भाषेला स्वतंत्र रूप दिले. या कामाचा सर्वांत सर्जनशील काळ १९७२ हा होता. नव्या भाषेला सी हे नाव मिळाले. पुढे तिच्यात स्ट्रक्चर या संमिश्र प्रकाराची भर पडली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सी भाषेत नव्याने लिहिला गेला.

संचालन प्रणाली असेंब्ली भाषेतच लिहिली पाहिजे, हा समज त्यामुळे मागे पडला. रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी पुढे इंटरडेटा ८/३२ या सर्वस्वी वेगळ्या संगणकावर युनिक्स नेऊन दाखवले. १९७८ साली ब्रायन कर्निहान आणि रिची यांनी लिहिलेले सी भाषेचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. औपचारिक मानक तयार होईपर्यंत हेच पुस्तक भाषेची अधिकृत व्याख्या मानले जात असे.

स्ट्रिंगची साठवण आणि क्षमता

स्ट्रिंग स्मृतीत साठवताना तिचा शेवट कुठे आहे हे संगणकाला कळणे आवश्यक असते. बीसीपीएलमध्ये स्ट्रिंगच्या पहिल्या बाइटमध्ये अक्षरांची संख्या लिहिली जाई. एका बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नसल्याने स्ट्रिंगच्या लांबीवरही तेवढीच मर्यादा येत असे. बी भाषेत ही संख्या काढून टाकून शेवटी एक विशेष चिन्ह ठेवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. लांबीवरील मर्यादा टाळणे हे त्याचे एक कारण होते. संख्या सतत अद्ययावत ठेवण्यापेक्षा शेवटचे चिन्ह वापरणे अधिक सोपे जाते, हा प्रत्यक्ष अनुभव हे दुसरे. शेवट चिन्हाने दर्शवण्याची ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या असेंब्ली भाषांतही तिची सोय होती.

सी भाषेत हे चिन्ह म्हणजे शून्य मूल्याचा बाइट ठरले. युनिक्स हे नाव रोमन लिपीत ४ अक्षरांचे आहे. ते साठवण्यासाठी सी भाषेत ५ बाइट लागतात. स्ट्रिंग कितीही लांब असली तरी जादा खर्च एकाच बाइटचा होतो. शिवाय पीडीपी-११ वर एखादा बाइट हलवताच तो शून्य आहे की नाही हे यंत्राला आपोआप कळत असे. त्यामुळे संपूर्ण स्ट्रिंगची नक्कल करण्याचे आवर्तन अवघ्या दोन यंत्रआज्ञांत बसत असे.

या रचनेत लांबी आणि क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या राहतात. लांबी म्हणजे शून्य बाइटपर्यंतच्या अक्षरांची संख्या. ती जाणून घेण्यासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत प्रत्येक बाइट तपासावा लागतो. क्षमता म्हणजे त्या स्ट्रिंगसाठी राखून ठेवलेली एकूण जागा. ती स्ट्रिंगमध्ये कुठेच लिहिलेली नसते. फंक्शनला स्ट्रिंग देताना केवळ तिच्या पहिल्या बाइटचा पत्ता दिला जातो. त्यामुळे त्या पत्त्यापासून पुढे १० बाइट आपले आहेत की १००, हे फंक्शनला कळण्याचा मार्ग नसतो.

दहा बाइटांच्या ॲरेमध्ये पंधरा अक्षरांची स्ट्रिंग भरल्यास ती थांबत नाही. उरलेली अक्षरे आणि शेवटचा शून्य बाइट शेजारच्या स्मृतीवर लिहिले जातात. यालाच बफर ओव्हरफ्लो म्हणतात. ते टाळण्यासाठी प्रोग्रॅमरने आधी लांबी मोजणे, तीत एक मिळवून तेवढी स्मृती मागणे, स्ट्रिंग वाढल्यास मोठी जागा मागून जुना मजकूर तिकडे हलवणे आणि काम संपल्यावर जागा परत करणे अपेक्षित असते. शेवटच्या बाइटसाठीचा तो एक मिळवण्यास विसरणे ही सी शिकणाऱ्यांची नेहमीची चूक आहे.

सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयातील काही फंक्शन या पार्श्वभूमीवरच समजून घ्यावी लागतात. स्ट्रकॉपी हे फंक्शन शून्य बाइट मिळेपर्यंत नक्कल करत राहते. स्ट्रएनकॉपी हे फंक्शन कमाल संख्या घेते. परंतु मजकुराने ती संख्या पूर्ण भरल्यास ते शेवटी शून्य बाइट ठेवत नाही. याचे मूळ जुन्या युनिक्सच्या निर्देशिकेत आहे. तेथे फाइलच्या नावासाठी नेमके १४ बाइट राखलेले असत आणि नाव पूर्ण १४ अक्षरांचे असल्यास शेवटच्या चिन्हाला जागाच नसे. गेट्स हे फंक्शन वापरकर्त्याने टंकलेली संपूर्ण ओळ स्मृतीत उतरवते, मात्र तिला किती जागा उपलब्ध आहे हे सांगण्याची सोय त्यात नव्हती. त्यामुळे ते सुरक्षितपणे वापरणे कोणत्याही प्रोग्रॅमरला शक्य नव्हते.

१९८८ मधील मॉरिस वर्म

या धोक्याचे पहिले मोठे प्रात्यक्षिक २ नोव्हेंबर १९८८ रोजी घडले. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढत पसरणारी आज्ञावली इंटरनेटवरील संगणकांत शिरली. तिने वापरलेल्या मार्गांपैकी एक फिंगर या युनिक्समधील सेवेतून जात होता. ही सेवा येणारी विनंती गेट्स फंक्शनद्वारे ५१२ बाइटांच्या जागेत वाचत असे. वर्मने ५३६ बाइट पाठवले. जादा बाइटांनी फंक्शनचा परतीचा पत्ता बदलला आणि व्हॅक्स संगणक वर्मच्याच आज्ञा पाळू लागले.

त्या वेळी इंटरनेटला सुमारे ६० हजार संगणक जोडलेले होते आणि त्यांपैकी सुमारे ६ हजार बाधित झाल्याचा अंदाज तेव्हा वर्तवण्यात आला. या प्रकरणी मॉरिस यांना १९९० साली दोषी ठरवण्यात आले. त्यांचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल प्रयोगशाळेत युनिक्सवर काम केलेले रिची यांचे सहकारी होते.

युनिक्सच्या सुरक्षेविषयी रिची यांनी या घटनेच्या सुमारे दशकभर आधीच लिहिले होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीसोबतच्या एका टिपणात त्यांनी ही प्रणाली सुरक्षेचा विचार समोर ठेवून घडवलेली नाही आणि त्यामुळे तिच्यात त्रुटी असणारच, असे स्पष्टपणे मांडले होते. प्रयोगशाळेतील परस्परांना ओळखणाऱ्या मोजक्या वापरकर्त्यांसाठी जन्मलेली भाषा आणि प्रणाली आता अनोळखी लोकांच्या जाळ्यात वापरली जात होती.

उत्तरकाळ

सी भाषेचे अमेरिकन मानक १९८९ साली, तर आंतरराष्ट्रीय मानक १९९० साली मंजूर झाले. या प्रक्रियेदरम्यान रिची यांनी नोअलायस या प्रस्तावित वैशिष्ट्याला कडाडून विरोध केला आणि ते वगळण्यात आले. १९९० साली त्यांनी बदलत्या आकाराच्या ॲरेविषयी एक लेख लिहिला. पॉइंटरने पत्त्यासोबत ॲरेचा आकारही वाहून न्यावा, अशी सूचना त्यात होती. ही सूचना स्वीकारली गेली असती, तर फंक्शनला मिळालेल्या जागेची क्षमता त्याला आपोआप कळू शकली असती. १९९९ च्या मानकाने बदलत्या आकाराचे ॲरे वेगळ्या पद्धतीने स्वीकारले. रिची यांचा पॉइंटर त्यात आला नाही.

१९९३ साली प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावरील परिषदेत त्यांनी सी भाषेच्या जडणघडणीवर निबंध सादर केला. स्ट्रिंगला वेगळा प्रकार न मानता ॲरेचेच नियम लावल्यामुळे भाषेचे वर्णन आणि भाषांतर सोपे झाले, असे त्यांनी त्यात नोंदवले. त्याच वेळी शेवट शोधण्याचा खर्च आणि स्मृती-व्यवस्थापनाचा वापरकर्त्यावर पडणारा अधिक भार त्यांनी मान्य केला. एकंदरीत ही पद्धत चांगली चालते, हे मत मात्र त्यांनी कायम ठेवले.

प्रयोगशाळेतील पुढील प्रकल्पांनी वेगळी वाट धरली. प्लॅन ९ या प्रणालीसाठी थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत तयार केली. या पद्धतीत इतर कोणत्याही अक्षराच्या संकेतात शून्य बाइट येत नाही, त्यामुळे शून्याने संपणाऱ्या जुन्या स्ट्रिंगमध्ये जगातील सर्व लिप्या बसू शकल्या. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला यात ३ बाइट लागतात. मराठी या शब्दात तीन व्यंजने आणि दोन मात्रा अशी ५ चिन्हे असल्याने तो १५ बाइट व्यापतो आणि सी भाषेत त्यासाठी किमान १६ बाइटांची क्षमता ठेवावी लागते. दिसणारी अक्षरे मोजून जागा राखल्यास ती अपुरी पडते.

इन्फर्नो या प्रणालीसाठी शॉन डॉरवर्ड, फिल विंटरबॉटम आणि रॉब पाइक यांनी लिम्बो ही भाषा रचली. तिचे वर्णन करणारा दस्तऐवज रिची यांनी लिहिला. लिम्बोमध्ये स्ट्रिंग हा भाषेचाच मूलभूत प्रकार असून तिची स्मृती भाषा स्वतः सांभाळते. सीमध्ये प्रोग्रॅमरवर सोपवलेले काम येथे भाषेने आपल्याकडे घेतले होते.

२००७ साली रिची बेल प्रयोगशाळेतून प्रणाली सॉफ्टवेअर संशोधन विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले.

पुरस्कार आणि सन्मान

ट्युरिंग पुरस्काराखेरीज रिची व थॉम्पसन यांना १९९० साली आयट्रिपलई या संस्थेचे रिचर्ड हॅमिंग पदक मिळाले. १९९७ साली दोघांचीही कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमच्या फेलोपदी निवड झाली. १९९८ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते प्रदान करण्यात आले. २०११ साली युनिक्सच्या निर्मितीसाठी दोघांना जपान पारितोषिक जाहीर झाले.

निधन

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी रिची मृतावस्थेत आढळले. ते ७० वर्षांचे होते आणि एकटेच राहत असत. प्रोस्टेटचा कर्करोग व हृदयविकार यांवर त्यांनी उपचार घेतले होते. त्यांच्या निधनाचे वृत्त सहकारी रॉब पाइक यांनी जाहीर केले. त्याच महिन्यात ५ तारखेला ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते. त्या वृत्ताच्या तुलनेत रिची यांच्या निधनाची फारशी दखल घेतली गेली नाही, अशी भावना संगणक क्षेत्रातील अनेकांनी व्यक्त केली. फेडोरा १६ आणि फ्रीबीएसडी ९.० या प्रणालींच्या आवृत्त्या त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आल्या. २९४७२७ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वारसा

लिनक्सचा गाभा आणि आज वापरात असलेल्या बहुतेक संचालन प्रणालींचे गाभे मुख्यत्वे सी भाषेत लिहिलेले आहेत. सी++, ऑब्जेक्टिव्ह-सी, जावा, सी# आणि गो या भाषांच्या लेखनशैलीवर सी भाषेचा ठसा आहे.

स्ट्रिंगच्या बाबतीत मात्र यांपैकी बहुतेक भाषांनी सीचा मार्ग सोडला. सी++ मधील प्रमाणित स्ट्रिंग आपली लांबी आणि क्षमता दोन्ही जाणते. मजकूर वाढून क्षमता संपली की ती आपोआप मोठी जागा घेते. प्रत्येक अक्षरामागे नवी जागा मागावी लागू नये म्हणून ही वाढ सहसा पटीत केली जाते. रस्ट भाषेतील स्ट्रिंग म्हणजे पत्ता, लांबी आणि क्षमता यांचे त्रिकूट असते. गो भाषेतील स्लाइस या प्रकाराची रचनाही अशीच आहे. २००९ साली जाहीर झालेल्या या भाषेच्या तीन रचनाकारांमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांचा समावेश होता.

शून्य बाइटचा निर्णय योग्य होता की नाही, यावर मतभेद आहेत. जुलै २०११ मध्ये डॅनिश प्रोग्रॅमर पॉल-हेनिंग काम्प यांनी एका लेखात, प्रत्येक स्ट्रिंगमागे वाचवलेला तो एक बाइट संगणकशास्त्राला अतिशय महाग पडला, असे प्रतिपादन केले. दुसऱ्या बाजूने, काही किलोबाइट स्मृतीच्या यंत्रावर लांबीची मर्यादा नसलेली आणि स्वस्तात हाताळता येणारी स्ट्रिंग मिळाल्यामुळेच संपूर्ण संचालन प्रणाली उच्चस्तरीय भाषेत लिहिणे शक्य झाले, असे मानणारेही आहेत.

रिची यांच्या निधनानंतर सुमारे दोन महिन्यांनी, डिसेंबर २०११ मध्ये, सी भाषेचे नवे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. गेट्स हे फंक्शन या मानकातून वगळण्यात आले. त्याच्या जागी सुचवले जाणारे एफगेट्स हे जुनेच फंक्शन उपलब्ध जागेचा आकार प्रोग्रॅमरकडून मागून घेते. शून्य बाइटने संपणारी स्ट्रिंग मात्र भाषेत तशीच आहे.